डिकीवरचे नाव बदलून घेताना: वागळे इस्टेटमधील एका दुकानाचे परीक्षण

आमच्याकडे २०१५ सालची, लाल रंगाची, एमएच-०४ पासिंगची हॅचबॅक आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या डिकीवरच्या नावाचे क्रोम कांद्याच्या सालीसारखे सुटू लागले, आणि गणपतीच्या आधी गाडी पुसताना त्याच्याच एका पापुद्र्याने माझे बोट चांगलेच कापले. हे क्रोम म्हणजे धातूचा सलग तुकडा नसतो. एबीएस प्लास्टिकच्या साच्यातल्या अक्षरांवर तांबे, निकेल आणि क्रोम यांचे अतिशय पातळ थर चढवलेले असतात, आणि एकदा कडेने पाणी शिरले की ते थर पत्र्याच्या कातरणासारखे उभे राहतात. नावाच्या वरचा कंपनीचा लोगोही काळवंडला होता आणि उजव्या कोपऱ्यातला मॉडेलचा छोटा बॅज एका बाजूने सुटत होता. तिन्ही बदलणे भाग होते. प्रश्न एवढाच होता की काम कोणाच्या हातात द्यायचे, कारण या बाबतीतला एक वाईट अनुभव आमच्या गाठीशी होता.

आधीच्या गाडीच्या वेळी नवी मुंबईतील एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात आम्ही असेच एक नाव काढायला दिले होते. तिथल्या मुलाने कापडात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर अक्षरांखाली घातला, एका झटक्यात नाव निघाले आणि त्याच्यासोबत रंगाचा चंद्रकोरीसारखा टवकाही निघाला. उरलेला चिकटा त्याने थिनरच्या बोळ्याने पुसला, त्यामुळे तेवढा पट्टा धुरकट झाला तो कायमचाच. सगळे काम दहा मिनिटांत आटोपले होते. चार वर्षांनी गाडी विकताना घेणाऱ्याने नेमके त्याच जागी बोट ठेवून गाडीला मागून ठोकर बसली होती का, असे विचारले आणि किंमत पाडली.

त्यामुळे या वेळी बरीच चौकशी करून मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई व पॉलिश करणाऱ्या दुकानात गेले. रोड नंबर १६ वरून आत वळल्यावर जुन्या शेडांच्या रांगेत हे दुकान आहे. एका वेळी दोनच गाड्या मावतात, आणि मालक व एक मदतनीस अशा दोघांचाच कारभार आहे. फोन वाढले की हातातले काम बिघडते, असे सांगून मालकांनीच दुकानाचे नाव न लिहिण्याची विनंती केली, ती मी पाळत आहे. परीक्षणात दुकानाचेच नाव नसावे हे जरा विचित्र आहे, हे मला कळते. परंतु हे काम कसे व्हायला हवे आणि ते करणाऱ्याला काय काय विचारावे, हे सांगताना नावावाचून काही अडत नाही.

मालक मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले, वयाने पन्नाशीच्या आसपासचे. ते मला ताई म्हणतात आणि मी त्यांना दादा म्हणते, म्हणून पुढेही दादाच लिहीत आहे. पहिल्या भेटीत त्यांनी गाडीला हत्यार लावलेच नाही. मी नवे बॅज सोबत नेले होते. ते त्यांनी उलटे करून पाहिले आणि मग रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन ते गाडीभोवती फिरले. छतावर १०८ मायक्रॉन, दारांवर ११० ते ११५ आणि डिकीच्या दारावर २८० असे आकडे आले. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला रंगारी क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. गाडीची चमक आणि उन्हापासूनचा बचाव या एवढ्याशा थरावर अवलंबून असतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर किंवा रासायनिक बोळा पहिला घाव घालतो तो यावरच.

२८० हा आकडा पाहून त्यांनी विचारले, “ताई, डिकी कधी रंगवली होती?” २०१९ मध्ये कापूरबावडीच्या सिग्नलला मागून रिक्षा आदळली होती आणि डिकीचे दार ठोकून रंगवून घेतले होते, हे तोवर मी विसरलेही होते. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का होतो. गॅरेजमध्ये मात्र रंगवलेला भाग फार तर ६० ते ८० अंशांवर तापवतात, आणि पुष्कळदा नुसताच हवेवर वाळवतात. असा रंग उष्णतेला आणि रसायनांना लवकर नमतो, खालच्या थराला घासणी नीट झालेली नसेल तर त्याची पकडही कमी असते, आणि टेप ओढताना तो टेपबरोबर उठून येऊ शकतो. ज्या दुकानात हा प्रश्न विचारला जात नाही तिथे हे काम देऊ नये, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

त्यानंतर त्यांनी नावाच्या कडेवरून नख फिरवले आणि मलाही फिरवायला सांगितले. अक्षरांना लागूनच एक बारीक उंचवटा लागत होता. “रंगाऱ्याने नाव काढलंच नाही. त्याच्यावर कागद चिकटवून भोवतीने फवारा मारलाय. नाव निघालं की आत जुना रंग आणि बाहेर बांध दिसेल. बांधाची धार मी मारून देईन, पण तो नाहीसा होणार नाही. आत्ताच सांगतो, नंतर म्हणाल मी केलं.” त्यांचे हे बोलणे मी जसेच्या तसे लिहिले आहे, कारण काम त्यांच्याकडेच द्यायचे हे माझे तिथेच ठरले.

आमच्या मुलाचा आग्रह होता की नवे बॅज लावूच नयेत आणि डिकी कोरी ठेवावी. हल्ली अशी हौस बऱ्याच जणांना असते आणि नव्या गाडीवर ती शोभतेही. दहा वर्षांच्या गाडीवर मात्र बॅजखालचा रंग आणि भोवतालचा रंग एकसारखा राहिलेला नसतो. भोवतालच्या रंगाने ऊन, पाऊस आणि रोजच्या पुसण्याचे बारीक ओरखडे सोसलेले असतात, तर बॅजखालचा रंग झाकलेला असल्यामुळे जवळपास नव्यासारखा राहतो. म्हणून नाव काढले तरी त्याची सावली उरते आणि तिरप्या उन्हात ती वाचताही येते. लाल रंगात हा फरक अधिक डोळ्यांत भरतो. पांढऱ्या गाडीवर फिकटपणा कमी जाणवतो, पण अक्षरांच्या कडेला वर्षानुवर्षे साचलेल्या मळाची रेघ दिसते. चांगल्या पॉलिशने भोवतालचा मेलेला थर निघून ही सावली पुष्कळ पुसट होते. आमच्या बाबतीत मात्र आत २०१५ चा रंग, बाहेर २०१९ चा रंग आणि मध्ये बांध असा प्रकार असल्याने कोरी डिकी हा पर्यायच उरला नाही. त्याच मापाचे नवे नाव त्याच जागी बसवणे, एवढेच हाती होते.

दादांनी नव्या लोगोच्या पाठीकडे बोट दाखवून आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या मागे प्लास्टिकच्या दोन खुंट्या होत्या, म्हणजे पत्र्याला त्या जागी दोन भोके असणार. नाव आणि मॉडेलचा बॅज नुसते टेपवर होते. खुंट्यांचा लोगो काढून जागा कोरी ठेवायची म्हटली तर ती भोके रबरी बुचाने बंद करावी लागतात. नाही तर त्यातून पावसाचे पाणी आत जाते आणि गंज आतून सुरू होतो, जो बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

दिवाळीनंतर नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी काम सुरू झाले. गाडी आधी शॅम्पूने धुतली, कारण कडेला अडकलेली धूळ तशीच राहिली तर पुढचे प्रत्येक घासणे म्हणजे पॉलिश पेपर मारण्यासारखे होते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ रोज अंगावर घेणाऱ्या गाडीला तर हे फारच आवश्यक. मग नावाच्या चारही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर लावले. तिन्ही बॅजची जागा ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली, आणि त्या कागदावर डिकीच्या दाराची कड व दिव्याचा कोपराही आखून ठेवला, म्हणजे नंतर कागद पुन्हा तिथेच बसवता येईल.

गरम करण्यासाठी त्यांनी घरगुती हेअर ड्रायर वापरला. हीट गन शेल्फवर होती, पण रंगवलेल्या डिकीला ती लावणार नाही, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. हीट गनच्या तोंडाशी काही शे अंश तापमान असते आणि एकाच जागी ती क्षणभर अधिक थांबली तर रंगाला फोड येतो. ड्रायर वितीएवढ्या अंतरावर हलता ठेवून ते मधूनमधून तळहात टेकवून पाहत होते. हात टेकवता येईल, पण फार वेळ ठेवावासा वाटणार नाही इतपत पत्रा तापला की पुरे. लेसरच्या थर्मामीटरवर तेव्हा ५५ अंश दिसत होते. बॅज ज्या दुहेरी चिकट टेपवर असतो, तिच्यातला अ‍ॅक्रिलिकचा फोम एवढ्या उष्णतेने मऊ पडतो.

यानंतरचे काम मी अगदी शेजारी उभी राहून पाहिले. आधी कोऱ्या पात्याने त्यांनी अक्षरांवर चढलेली रंगाची साय कापली. पात्याचा कल सतत बॅजकडे ठेवला होता, कारण ओरखडा पडलाच तर तो फेकून द्यायच्या प्लास्टिकवर पडावा. मग त्यांनी खिशातून मासे पकडण्याचा तंगूस काढला. दाताच्या डॉक्टरांकडचा फ्लॉस लोक वापरतात हे मला ठाऊक होते, परंतु दादांच्या मते फ्लॉस मधेच पिंजतो आणि जुन्या निबर फोममध्ये तुटतो. कोळीवाड्यातल्या माणसाकडे तंगुसाला काय तोटा! त्यांनी वावभर तुकडा घेतला, दोन्ही टोके लाकडी चमच्यांना गुंडाळली, बॅजच्या कडेला शॅम्पूच्या पाण्याचा फवारा मारला आणि तंगूस पहिल्या अक्षराच्या मागे सरकवला. नंतर करवत चालवावी तशी, पण अगदी आखूड ओढीची हालचाल सुरू झाली. तंगूस पत्र्याकडे दाबायचा नाही, उलट बॅजच्या पाठीला घासत ठेवायचा, हे यातले मर्म. रंगाकडे ओढला तर तंगुसाच्या घर्षणानेही क्लिअर कोटवर चरा उमटतो. फोम कापला जाताना ओल्या थर्माकोलवर बोट घासल्यासारखा आवाज येत होता आणि दर बोटभर अंतरावर ते थांबून पुन्हा ड्रायर फिरवत होते. नाव सुटायला बारा मिनिटे लागली. ते पडू नये म्हणून मदतनिसाने खाली हात धरला होता. पूर्ण सुटेपर्यंत दोघांपैकी कोणीही ते ओढले नाही.

लोगोला वेळ अधिक लागला, कारण खुंट्यांपाशी तंगूस अडतो. तिथे दोन्ही बाजूंनी खुंटीपर्यंत फोम कापून घेतला आणि मग प्लास्टिकच्या रुंद पट्टीखाली मायक्रोफायबरचे कापड ठेवून लोगो सरळ बाहेर काढला. पिळला असता तर भोकाच्या कडेचा रंग उडाला असता.

बॅज निघाल्यावर पत्र्यावर काळ्या फोमचा जाड थर राहतो आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दादांनी पहिली पंधरा मिनिटे काहीही न लावता, नुसता अंगठा फिरवून तो चिकटा वळकट्या करत काढला. हाताला लागलेली कणीक चोळून काढतात, तसा. मला हात लावावासा वाटला तेव्हा ते म्हणाले, “लावा, पण नख नको.” कोमट पत्र्यावर हे खरोखरच सोपे जाते आणि निम्म्याहून अधिक फोम असाच निघतो. उरलेल्या पातळ थरासाठी त्यांनी संत्र्याच्या सालीच्या अर्काचे चिकटा काढणारे द्रावण वापरले. ते रंगावर न ओतता कापडावर घेतले, मिनिटभर टेकवून ठेवले आणि पुसले. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर या दोन गोष्टी गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला अजिबात लावू नयेत. त्यातील द्रावके ताजा किंवा अर्धाकच्चा रंगच विरघळवतात. रॉकेल त्यामानाने सौम्य आहे आणि आपल्याकडे जुने लोक तेच वापरत, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून नंतर शॅम्पूने धुणे आलेच. ड्रिलला लावायचे रबराचे चाकही दुकानात होते. कारखान्याच्या रंगावर ते झटपट काम करते, मात्र घर्षणाने जागा तापते, म्हणून आमच्या डिकीला ते लावले नाही.

आता बांधाविषयी. नावाच्या आतल्या बाजूला यंत्राने ११२ मायक्रॉन दाखवले आणि बाहेर २८०, म्हणजे मध्ये सुमारे १७० मायक्रॉनची पायरी. ही पायरी सपाट करायची तर बाहेरचा क्लिअर कोट तर जाईलच, शिवाय त्याखालचा लाल रंगही जाऊन अस्तर उघडे पडेल. दादांनी मला हे हिशेब करून दाखवले आणि म्हणूनच केवळ पायरीची धार मारायची, असे सुचवले. २००० नंबरचा आणि नंतर ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, रबराच्या तुकड्याला गुंडाळून, अगदी मोजके हात फिरवले. मग कंपाउंड, मग पॉलिश. बांध नखाला लागतो, पण कापत नाही, अशा अवस्थेला आला. एखाद्या घाईच्या माणसाने तो सपाट करण्याच्या नादात डिकी पुन्हा रंगवायची वेळ आणली असती, असे मला राहून राहून वाटते.

नवे बॅज चिकटवण्याचे काम त्यामानाने लवकर झाले, तरी चुका इथेच अधिक होतात. कंपनीकडून आलेल्या बॅजच्या पाठीला टेप लावलेली असते; फक्त वरचा कागद सोलायचा. पॉलिशमधले तेल आणि मेण पत्र्यावर राहिले तर ही टेप धरत नाही. ज्या गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक लेप आहे तिच्यावर तर ती आणखीच कमी धरते, कारण काहीही चिकटू नये हाच त्या कोटिंगचा गुण. त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन जागा दोनदा पुसली. ३एम कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेली व्हीएचबी ही या जातीतली सर्वांत परिचित टेप. तिच्यासाठी कंपनी हेच मिश्रण सांगते, आणि चिकटवताना २१ ते ३८ अंशांचे तापमान उत्तम मानते. ठाण्यात त्याची चिंता नसते. इथला खरा शत्रू दमटपणा आहे, म्हणून पुसल्यावर ड्रायरची गार हवा फिरवून घेतली. मॉडेलचा छोटा बॅज २०१९ च्या रंगकामानंतर गॅरेजवाल्याने वाकडा लावला होता. ट्रेसिंग पेपरवर नावाच्या तळाची रेघ पुढे वाढवून तो आता सरळ रेषेत आला.

चिकटवल्यावर दाब महत्त्वाचा. ही टेप पाण्यासारख्या गोंदाने नव्हे, दाबाने पकडते. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब हवा. दादांनी कापड ठेवून प्रत्येक अक्षर दोन्ही अंगठ्यांनी दाबले. पकड मात्र लगेच पुरी होत नाही. नेहमीच्या तापमानात २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण, असा या टेपचा हिशेब आहे. तीन दिवस गाडी धुवायची नाही, असे बजावून सांगितले होते. मी सोसायटीत गाडी धुणाऱ्या मुलाला तसे सांगितले आणि वायपरला चिठ्ठीही अडकवली.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. गाडी चार वाजता देतो म्हणून सांगितले होते, ती सव्वासात वाजता मिळाली. उशीर कामामुळे झाला हे मला दिसत होते, पण आधीच संध्याकाळ सांगितली असती तर मी घरी जाऊन आले असते. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आहे आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळपास नाही; दिवसभर थांबणाऱ्या बाईला हे फार अडचणीचे होते. सिरॅमिक कोटिंग करून घ्या, असे दिवसभरात तीनदा सुचवण्यात आले. मागच्या वायपरच्या रबरात आणि दिव्याच्या फटीत कंपाउंडची पांढरी पूड वाळून बसली होती, ती मी घरी जुन्या टूथब्रशने काढली. पावती म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली. तिन्ही बॅजची मजुरी आणि डिकीचे पॉलिश मिळून १,८०० रुपये झाले, बॅज माझे. ही रक्कम स्टेशनजवळच्या दुकानांच्या तुलनेत जास्त वाटेल. सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात दोन माणसे त्या एका दारापाशी उभी होती हे मी पाहिले असल्याने मला ती जास्त वाटली नाही. आणखी एक त्रुटी म्हणजे कामाच्या आधीचे फोटो ते काढत नाहीत. मी माझ्या फोनवर काढले होते, तुम्हीही काढावेत.

बॅज अधिकृत स्पेअर पार्टच्या काउंटरवरून मागवले, आठ दिवस लागले. बाजारात निम्म्याहून कमी किमतीत दिसायला तसेच बॅज मिळतात. मी एक तुलनेसाठी घेऊन पाहिला: टेप कडेपर्यंत पोहोचत नव्हती आणि पाठीच्या खुंट्या पत्र्यावरच्या भोकांना जुळत नव्हत्या. भोक मोठे करून तो बसवणे, हा पुढचा उपद्व्याप कोणी केला नसेल असे नाही.

हे काम घरी होण्यासारखे आहे का, असे मला अनेकांनी विचारले. गाडीचा तो भाग कधीही रंगवलेला नसेल आणि बॅज नुसत्या टेपवर असेल, तर निश्चितच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड ओढता आला, हेअर ड्रायर, मास्किंग टेप, तंगूस किंवा फ्लॉस, औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर एवढे साहित्य असले, की एक निवांत सकाळ पुरते. उन्हात उभी राहून तापलेली गाडी सावलीत आणून आधी निवू द्यावी, कारण तापल्या पत्र्यावर कोणतेही द्रावण क्षणात वाळते आणि डाग पडतो. माझ्या बहिणीने कळव्याला तिच्या तीन वर्षांच्या गाडीवरचा मॉडेलचा बॅज अशाच रीतीने काढला आणि आज ती जागा शोधूनही सापडत नाही. भाग रंगवलेला असेल किंवा रंगवला आहे की नाही हेच ठाऊक नसेल, विशेषतः गाडी जुनी विकत घेतलेली असेल, तर मात्र जाडी मोजण्याचे यंत्र असलेल्या माणसाकडे जावे.

काही बॅज तर घरीही काढू नयेत आणि साध्या दुकानातही देऊ नयेत. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत समोरच्या लोगोच्या मागे समोरच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असते; तो लोगो रडारच्या लहरी आरपार जाव्यात अशा बेताने बनवलेला असतो आणि त्याच्या जागी बाजारातला क्रोमचा लोगो लावला तर यंत्रणा बिघडते. फोक्सवॅगन पोलोच्या मागचा लोगो हाच डिकी उघडण्याचा खटका आहे. तिथे तंगूस घेऊन जाणाऱ्याची फजितीच व्हायची.

पहिल्या पावसानंतर एकदा गाडी दाखवून जा, असे दादांनी सांगितले होते, त्याप्रमाणे यंदा जूनच्या अखेरीस गेले. त्यांनी तिन्ही बॅजच्या कडांवरून नख फिरवले, लोगोच्या खालच्या बाजूला साचलेला मळ कापडाने काढला आणि पैसे घेतले नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नावाभोवतीचा बांध अजूनही दिसतो, तो जाणार नव्हताच. या खेपेलाही सिरॅमिकचा विषय निघाला.